फोन पेशंटलाच द्या

“फोन पेशंटलाच द्या,” मी म्हणाले.

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी एक कोंबडी बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

“हॅलो? मी कराडहून बोलतेय, डॉक्टर बेंद्रेंच्या मानसोपचार केंद्रातून. शालनताईंशी बोलायचंय. आपण कोण? आई का? अनसाबाई?”

कोंबडी तेवढी ओरडत राहिली.

“हे बघा मावशी, तुमच्याशी मी मागाहून सावकाश बोलेन. आधी फोन शालनकडे द्या. घरच्यांशी बोलून फोन ठेवायचा नाही, असा डॉक्टरांचा नियमच आहे.”

लांबून एका पुरुषाचा दबका आवाज आला, “सांग की बरी हाय म्हणून. नायतर गाडी घिऊन येतील हितं.” मग फोनवर हात दाबल्यासारखी खरखर झाली. मी थांबले. थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. मी सातव्या महिन्यातच बाहेर आले आणि तेव्हाची घाई अजून संपलेली नाही, असं माझी आई म्हणायची.

“हॅलो,” शेवटी कुणीतरी म्हणालं. आवाज जाड होता, ओढत आणल्यासारखा. “मीच बोलतीया. शालन.”

“हां, आता कसं!” मी म्हणाले. “गोळी घेतली का आज?”

“घेतली.”

“झोप लागते?”

मग ती म्हणाली, “न्हाई लागत.”

ते टाळेबंदीचे पहिले दिवस होते. मी त्याच वर्षी जळगावहून कराडला आले होते, या संस्थेत समाजसेविका म्हणून. घरातली भांडी मांडून झाली होती, पण एकही पेशंट डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमचं केंद्र म्हणजे फिरता दवाखाना. आज या गावच्या शाळेत, उद्या त्या गावच्या समाजमंदिरात डॉक्टर बसायचे आणि पाटणच्या डोंगरातली माणसं एसटीने यायची. एके दिवशी एसटी बंद झाली, शाळा बंद झाल्या, नाके लागले. ज्यांची गोळी चुकवून चालत नाही अशी सगळी माणसं वर डोंगरात अडकली आणि आम्ही खाली कराडात. डॉक्टर बेंद्रे रिकाम्या दवाखान्यात घरात चोरी झालेल्या माणसासारखे फिरत होते. शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवसांत मात्र त्यांनी एका पोलिसाशी कडाक्याचं भांडण केल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं.

मग त्यांनाच सुचलं. सगळं बंद झालं तरी दूध बंद झालेलं नव्हतं. दूध गोळा करणाऱ्या गाड्या रोज डोंगरात जात होत्या. गोळ्यांची पाकिटं त्या गाड्यांतून वर जाऊ लागली, रिकाम्या कॅनच्या सोबतीने. गावच्या डेअरीत ज्याचं पाकीट त्याने घेऊन जायचं. आणि आठवड्यातून एकदा आम्ही प्रत्येकाला फोन करायचा.

“फोनवर घरचे काय सांगतात माहितेय?” डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. “‘बरी हाय.’ माणूस विहिरीच्या कठड्यावर उभा असला तरी ‘बरी हाय.’ म्हणून पेशंटचाच आवाज ऐकायचा. तो ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.”

नियम मला पटला. फोनचं कामही आवडायला लागलं. एक कापडदुकानदार होते, त्यांना सतत हात धुण्याचा आजार. ते पहिल्याच फोनवर म्हणाले, “मॅडम, दहा वर्षं मला वेड्यात काढलंत. आता सगळा देश माझ्या लाइनीला लागलाय. सांगा, बरा कोण झाला?” मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

शालनच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिला कानात आवाज यायचे. ऐन बावीस-तेविशीत आजार सुरू झाला. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं, चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली आणि दुसरं लग्न केलं. तेव्हापासून ती आईबरोबर वरच्या शेलारवाडीत राहायची. चार उंबऱ्यांची वाडी, त्यातले निम्मे मुंबईला. दोन वर्षांपूर्वी आई आजारी पडली, गोळ्या आणायला कुणी नव्हतं, तेव्हा शालनने विहिरीत उडी टाकली होती. शेजारच्यांनी काढली म्हणून वाचली.

“हिची गोळी चुकली तर ही आपल्या हातातून जाईल,” डॉक्टर म्हणाले होते. “बाकी कुणाला फोन करायला विसरलात तरी चालेल, पण हिला विसरू नका.”

मी विसरले नाही. दर बुधवारी जेवणाआधी मी शालनला फोन करायचे.

पहिल्या महिन्यात ती हो-नाहीच्या पुढे जायची नाही. डॉक्टर म्हणाले, तिचं बोलणं असंच आहे, घाई करू नका. मला घाई करू नका म्हणणं म्हणजे म्हशीला पोहू नको म्हणण्यासारखं, पण मी दम धरला. मेच्या अखेरीस कधीतरी मी विचारलं, “आज काय केलंत शालनताई?”

“वाकळ शिवतीया.”

“अरे वा! कुणासाठी?”

“आयेसाठी. म्हातारी थकलीया. तिला कापरं भरतं.”

मी खुर्चीतून उठलेच. जी बाई पंधरा वर्षं स्वतःची वेणी घालत नव्हती, ती आईसाठी वाकळ शिवत होती! मी धावत डॉक्टरांना सांगायला गेले. ते चष्मा काढून नुसते बघत राहिले.

मग ती दर आठवड्याला थोडी थोडी उलगडत गेली. आज नाचणीच्या भाकरी केल्या. आज करडाला पाला आणायला टेकाडापर्यंत गेले, भ्या वाटलं न्हाई. आज केस धुतले.

“आवाज येतात का अजून?”

“न्हाई येत आता,” ती म्हणाली. “घर गप असतंय.”

“हे फार छान झालं!”

“व्हय. छान.”

तिच्या आईशीही बोलावं म्हणून मी अधूनमधून विचारायचे, पण म्हातारी नेमकी रानात तरी गेलेली असायची, नाहीतर गुरांमागे. “आई काय म्हणतात?” असं विचारलं की शालन सांगायची, “ती बसून असती. भाकर खात न्हाई धड. सांजेला दारात बसती.”

“तिला म्हणावं स्वतःकडे लक्ष द्या. तुम्ही आता बऱ्या झालात, तिनेही जरा हौसेनं राहावं.”

“सांगते,” शालन म्हणायची.

डॉक्टरांनी विचार करून तिची एक गोळी कमी केली. आमच्या बैठकीत ते तिच्याबद्दल बोलले. फोनवरून इतकं काही साधेल यावर त्यांचाच विश्वास नव्हता, असं ते म्हणाले. आजूबाजूला माणसं मरत होती. आमच्या गल्लीतच दोन घरांत एकेक जण गेलं होतं आणि त्यांना खांदा द्यायलाही कुणाला जाता आलं नव्हतं. अशा दिवसांत डोंगरातली एक बाई बरी होत होती. त्या बातमीवर मी अख्खा आठवडा काढायचे, खोटं कशाला सांगू.

गणपतीनंतर एका बुधवारी तिने आपणहून विचारलं. “ताई, एक काम करशील?” मला ती कधीपासून ‘तू’ म्हणायला लागली होती कुणास ठाऊक.

“सांगा ना.”

“माझी पोरगी हाय कराडात. हर्षदा. कशी हाय बगशील?”

हर्षदाला शोधणं अवघड नव्हतं. जुन्या केसपेपरवर नवऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर होता. बाप आधी फोनवर वस्सकन ओरडला, पण पोरगी वीस वर्षांची होती, तिला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी तीच दवाखान्यात येऊन उभी राहिली. उंच, सावळी, मास्कवर दोन मोठे डोळे. कॉलेज बंद असल्यामुळे घरी बसून कंटाळलेली असावी. निदान मला आधी तसंच वाटलं.

“मॅडम, ती खरंच बरी झालीय?” तिने विचारलं.

“खरंच. मी दर आठवड्याला बोलते तिच्याशी.”

“म्हणजे हा आजार बरा होतो?”

“गोळ्या नीट घेतल्या तर माणूस चांगलं जगू शकतो.”

ती खाली बघत ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, “घरात मला काही झालं, साधी चिडले तरी म्हणतात, आईवर गेलीस. मी रात्री कान देऊन पडते, मॅडम. मला आवाज येतात का ते बघत.”

एवढीशी पोर आणि वर्षानुवर्षं स्वतःवर पाळत ठेवून बसलेली. मी तिथल्या तिथे शालनला फोन लावला आणि पोरीच्या हातात दिला.

काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम बाहेर गेले. परत आले तेव्हा हर्षदा डोळे पुसत हसत होती. “मला बायडी म्हणाली. रोज माझं नाव घेते म्हणाली. मॅडम, किती नीट बोलते ती! मी मरेपर्यंत घाबरत बसले असते.”

पुढे ती स्वतःच फोन करू लागली. तिसऱ्या खेपेला तिने आईला सांगितलं, “दसरा झाला की मी येते तुला भेटायला.”

त्या दिवसापासून शालनने फोन उचलला नाही.

मी बुधवारी केला, गुरुवारी केला, पुढच्या बुधवारी केला. रिंग वाजत राहायची. नंतर तर फोन बंदच लागायला लागला. दूधगाडीच्या ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, “पाकीट तसंच पडलंय डेअरीत. न्यायला कोण आलं न्हाई.”

गोळी थांबली होती. गोळी थांबल्यावर मागच्या वेळी काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर स्वतः कोरोनाने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, “आजच निघा.” बोलताना त्यांना धाप लागत होती.

हर्षदा ऐकायला तयार नव्हती. “माझ्यामुळे झालंय. मी येते म्हटलं म्हणून तिला त्रास झाला. मला घेतल्याशिवाय तुम्ही जायचं नाही.” तिला नेऊ नये असं वाटत होतं, पण तिला अडवण्याइतका वेळही नव्हता. दवाखान्याची जीप खालच्या गावापर्यंत गेली, पुढे पायवाट. भातकापणी चालू होती. ती पोरगी माझ्यापुढे अशी झपाझप चढत होती की मला तिच्या चपलांचे तळवेच दिसत होते.

वाडीच्या खालच्या खाचरात एक म्हातारा भात कापत होता. आम्हाला बघून तो उभा राहिला.

“शालनताईंचं घर हेच ना वरचं?” मी विचारलं.

माझा आवाज ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. “तुमी... फोनवाल्या ताई?”

“हो. शालन कशी आहे? बरी आहे ना?”

त्याने एकदा हर्षदाकडे पाहिलं. मग खाली बसून पेंढी बांधायला लागला. “म्हातारी हाय घरात.”

“आणि शालन?”

“म्हातारी हाय घरात,” तो पुन्हा म्हणाला. मान वर केली नाही.

मला वाटलं, विहीर. मला दुसरं काही सुचेचना. उरलेला चढ मी कशी चढले ते आठवत नाही. हर्षदा माझ्याआधी दारात पोचली होती. तिने मास्क खाली ओढला. आत उजेड कमी होता. चुलीजवळ कुणीतरी सुपात नाचणी पाखडत होतं. सूप थांबलं.

“ये गं बायडे,” आतून आवाज आला.

तो आवाज मला पाठ होता. दर बुधवारी मी तो ऐकत होते. जाड, ओढत आणल्यासारखा. हीच शालन, मी मनात म्हटलं. आहे, जिवंत आहे, देवा!

हर्षदानेही तो आवाज ओळखला. “आई!” असं ओरडून ती आत धावली, त्या बाईच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी दारातच उभी होते. डोळे हळूहळू अंधाराला सरावले. हर्षदाच्या खांद्यावर टेकलेलं डोकं पांढरंफटक होतं. पाठीवरून फिरणारे हात सुरकुतलेले, शिरा तटतटलेल्या. शालन चाळिशीची होती. ही बाई सत्तरीच्या पुढची होती.

हर्षदालाही ते कळलं. ती मागे सरली. त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. “आई... तू एवढी म्हातारी कशी गं?”

“मी आजी तुझी,” म्हातारी म्हणाली. “अनसा.”

“मग आई कुठाय?”

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. फार नीट ठेवलं, एक दाणा सांडू दिला नाही. “न्हाई ती,” ती म्हणाली. “चैतात गेली.”

चैत्र. म्हणजे एप्रिल. मी मनात महिने मागे मोजत गेले आणि मोजता मोजता माझं डोकं बंद पडलं. माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती सरकत नाही. ती जागच्या जागी असते आणि आपण तिच्यावर नसतो. मी दाराची चौकट धरली.

“मग माझ्याशी फोनवर कोण बोलत होतं?” मी विचारलं. उत्तर समोर बसलेलं असताना विचारलं.

“मीच की,” अनसाबाई म्हणाली.

“का?”

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू हे मलाच ठाऊक असायला हवं होतं. “तुमी म्हनला, फोन पेशंटलाच द्या. आदल्या दिशी तिला जाळून आलो हुतो. कुटनं देऊ?”

मला बसावं लागलं. खाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर.

“तिला ताप भरला. दम लागाय लागला. वाडीतले म्हनले, कळलं तर गाडी यील, समद्यांस्नी धरून नेतील, वाडीला पत्रं ठोकतील. शेजारचा बाळकू म्हनला, अनसाक्का, कुनास्नी सांगू नगंस. चौघांनी न्हेली. दुसऱ्या दिशी तुमचा फोन. बाळकू म्हनला, सांग बरी हाय. तुमी तर म्हनला, तिलाच द्या. मला काय सुचंना. म्हनलं, मीच शालन.”

“आणि पुढे? इतके महिने?”

“पुडच्या खेपंला सांगनार हुते. देवाशप्पत सांगनार हुते.” तिने पदराने तोंड पुसलं. “तर तुमी परत इचारलं, झोप लागती का. ती गेल्यावर माझ्या दारात कोन आलं न्हवतं ताई, कोरोनाच्या भ्यानं. मला कुनी इचारलंच न्हवतं. मग दर बुधवारी तुमी इचारायचा आनि मी सांगायची. शालननं भाकरी केल्या. शालननं न्हानं केलं. शालन टेकाडावर जाऊन आली. तुमी खूश व्हायचा. मला वाटायचं, करतीया खरंच. पंधरा वरसं वाट बगितली हुती मी, एक दिस तरी ती उठून भाकर करंल म्हणून. फोनवर तरी बरी झाली ना हो ती?”

मी नजर वळवली.

कोपऱ्यात, मीठ-मिरचीच्या मडक्यांजवळ, आमची पाकिटं एकावर एक रचलेली होती. एकही फोडलेलं नव्हतं. वरची दोन जरा बारकी होती. गोळी आम्हीच कमी केली होती.

हर्षदा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. “मला बायडी कोण म्हणालं?”

“मीच.”

“रोज नाव घेते, ते?”

“मीच.”

“तुला माहीत होतं मी रात्री कान देऊन पडते. मी सांगितलं होतं तुला. आई समजून सांगितलं होतं. तू म्हणालीस, भिऊ नगंस, मी बरी झाले, तुला काय होनार न्हाई. कोण बरं झालं होतं? कोण?”

“तुझ्या बानं मला कवा तुझं तोंड बगू दिलं न्हाई,” म्हातारी म्हणाली. “म्हनलं, शालनच्या तोंडनं मागावं. आईला कोन न्हाई म्हनत न्हाई.”

“मेलेल्या माणसाच्या नावाने बोललीस तू माझ्याशी!”

“व्हय,” अनसाबाई म्हणाली.

हर्षदा दारातून बाहेर पडली. मी उठेपर्यंत ती अंगण ओलांडून पायवाटेला लागली होती. मी हाका मारल्या. ती थांबली नाही. मला कळेना, तिच्यामागे धावावं की हिला धरावं. या म्हातारीला मी सोडून गेले असते तर त्या घरात संध्याकाळी काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला, आणि मी दारातच अडकले.

अनसाबाई चुलीमागे गेली. तिथून तिने एक बटणांचा फोन काढला, राख पुसली, चालू केला आणि तो घेऊन अंगणाच्या कडेला आली. रेंज तिथेच येत असावी. ती खाली बघत उभी राहिली. तिने फोन लावला नाही. नुसता हातात धरला.

पोरगी खाचरं ओलांडून वळणापर्यंत गेली होती. तिथे ती खाली बसली. बराच वेळ बसून होती. मग म्हातारीच्या हातातला फोन वाजला.

अनसाबाईने माझ्याकडे पाहिलं. “उचलू?”

“उचला.”

त्या फोनचा आवाज चार घरांना ऐकू जाईल असा होता. हर्षदा आमच्याकडे पाठ करून बसली होती, पण तिचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

“खरं बोलशील?” ती म्हणाली.

“बोलीन.”

“तिने जीव दिला का?”

“न्हाई. तापानं गेली. दम लागून.”

“गोळ्या घेत होती?”

“शेवटपतूर. मी माझ्या हातानं देत हुते.”

“शुद्धीत होती का?”

“व्हय. शानी हुती. मला वळखत हुती.”

खाली कुणीतरी भाताची पेंढी झोडपत होतं, तेवढा आवाज येत होता.

“शेवटी माझं नाव घेतलं का तिने?”

मी अनसाबाईकडे बघत होते आणि जिवाच्या आकांताने मनात म्हणत होते, हो म्हण. इतके महिने एवढं सगळं रचलंस, आता हा एक शब्द. तपासायला कोण येणार आहे? मी मान हलवून तिला खुणावलंसुद्धा. तिने ते पाहिलं. नक्की पाहिलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “पानी मागितलं. तेवढंच.”

मला वाटलं, संपलं. हर्षदाने फोन कानावरून खाली घेतला आणि उठली. उतारावरची वाट समोर होती, जीप खाली उभी होती. अनसाबाई बंद झालेला फोन तसाच कानाला लावून उभी होती.

पोरगी वळली आणि वर चढायला लागली.